वही तपासताना आपण काय वाचतो?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शहापूर तालुक्यातल्या एका शाळेत सातवीचा वर्ग आमच्याकडे होता. घटक चाचणीत निबंधाला विषय दिला होता, ‘पाण्याचे महत्त्व’. रात्री जेवणं आटोपल्यावर ३४ वह्यांचा गठ्ठा घेऊन बसलो. पहिल्या पाच-सहा वह्या वाचल्या आणि पुढच्या वह्यांत काय असणार ते आधीच कळायला लागलं. जवळजवळ प्रत्येक निबंधाची सुरुवात ‘पाणी म्हणजे जीवन’ अशी. मग पृथ्वीवर किती टक्के पाणी आहे, त्यातलं पिण्यायोग्य किती, ‘थेंबे थेंबे तळे साचे’, आणि शेवटी उपदेश: दात घासताना नळ चालू ठेवू नये. ज्यांच्या घरी नळ नाही त्या मुलांनीही नळ बंद करायला सांगितलं होतं. सगळा मजकूर बाजारात मिळणाऱ्या गाईडमधला, पाठ केलेला.

एका मुलाने मात्र पाचच ओळी लिहिल्या होत्या:

‘आमच्या पाड्यात टाकी हाय. टाकीत पानी नाय. आय राती हिरीव जाते. मी बॅटरी धरतो. पानी भरला का सकाळ होते.’

आम्ही लाल पेन उचललं. ‘हाय’ला गोल, ‘पानी’ला गोल, ‘नाय’ला गोल. आय, राती, हिरीव, भरला, सगळ्यांना गोल. खाली शेरा लिहिला: ‘ओळी अपुऱ्या. शुद्धलेखनाकडे लक्ष दे.’ आणि दहापैकी ३ गुण दिले. गाईडमधला निबंध स्वच्छ अक्षरात उतरवणाऱ्या मुलीला ८ दिले. तेव्हा यात काही चुकतंय असं मनाला शिवलंही नाही.

पुढच्या चाचणीत विषय होता ‘पावसाळ्यातील एक दिवस’. त्या मुलाने या वेळी पूर्ण पान भरलं. त्यात मोर पिसारा फुलवून नाचला, इंद्रधनुष्य उमटलं, आईने गरमागरम भजी केली. चुका तीन-चारच. आम्ही ७ गुण दिले आणि वर्णनात्मक नोंदीत लिहिलं, ‘लेखनात चांगली प्रगती.’

एप्रिलमध्ये मतदार यादीच्या कामासाठी आम्ही त्याच्या पाड्यावर गेलो. परत निघेपर्यंत अंधार पडला होता. वाटेवर विहीर लागली. विहिरीच्या काठावर हंड्यांची रांग होती. आत उतरलेल्या बाया तळाशी झिरपणारं पाणी वाटीने भरून वर देत होत्या. वर एक मुलगा बॅटरी घेऊन उभा होता. आम्हाला पाहून त्याने मान खाली घातली. त्या पाच ओळी तिथे उभ्या होत्या. त्यातली एकही खोटी नव्हती.

हा तालुका मुंबईला पाणी देतो. तानसा १८९२ सालापासून मुंबईची तहान भागवतं आहे, आणि आज मुंबईच्या पाण्यात सर्वांत मोठा वाटा भातसाचा आहे. त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. ‘पाण्याचे महत्त्व’ या विषयावर त्या मुलाइतका अधिकार आमच्या वर्गात कोणाचाच नव्हता, शिक्षकांचाही नाही. आणि आम्ही त्याला ३ गुण देऊन सांगितलं होतं, तुझं लिहिणं चुकलं. त्याने ते मुकाट्याने मान्य केलं आणि मोराचा निबंध लिहिला. आम्ही त्याला प्रगती म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्याला जवळ बोलावून म्हटलं, ‘तो पाण्याचा निबंध पुन्हा लिहितोस का? आम्हाला वाचायचाय.’ त्याने थोडा विचार केला आणि विचारलं, ‘शुद्ध लिहू का खरा लिहू?’

या प्रश्नाला तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हतं. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे.

चूक कुठून येते?

आधी चुकांबद्दल बोलू, कारण पालकसभेत सर्वांत जास्त तक्रार त्यांचीच असते. ‘आमच्या मुलाचं मराठी शुद्धलेखन फार कच्चं आहे.’ आपल्या मुस्लिम घरांतून ही तक्रार जरा जास्तच कानावर येते आणि तिच्यामागे एक भीतीही असते: आपल्या मुलाला मराठी येणारच नाही की काय.

शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांत आम्ही शिकवलं. वर्गात कुणबी, आगरी घरांतली मुलं असतात, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी समाजातली असतात, घरी उर्दू बोलणारी आपली मुलं असतात. सगळ्यांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या की गंमत दिसते. आगऱ्याचं मूल ‘पानी’ लिहितं, कातकऱ्याचं ‘पानी’ लिहितं आणि आपलंही ‘पानी’च लिहितं. ‘शाळा’ची ‘शाला’ही अशीच. उत्तर कोकणातल्या बोलींत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो. उर्दूच्या उच्चारांत तर हे दोन्ही ध्वनी नाहीतच. मूल ऐकतं तसं लिहितं. म्हणजे त्याचा कान तयार आहे आणि अक्षरओळखही पक्की आहे. फक्त घरातला आवाज आणि पुस्तकातला आवाज यांत फरक आहे, आणि तो त्याला कोणी दाखवून दिलेला नाही.

काही चुका मात्र खास आपल्या घरांतल्या. ‘मी पुस्तक आणली.’ कारण घरी किताब ‘ती’ असते. उर्दूत दोनच लिंगं, मराठीत तीन. ‘ते पुस्तक’, ‘ते घर’, ‘ते पाणी’ यांतलं नपुंसकलिंग उर्दू बोलणाऱ्या मुलाला नव्यानेच शिकावं लागतं. ‘शाळात गेलो’, ‘घोडाला चारा दिला’ ही दुसरी जात. प्रत्यय लागताना मराठी शब्द आपलं रूप बदलतो: शाळेत, घोड्याला. उर्दूतही ‘घोडा’चं ‘घोडे को’ होतं, पण ‘मदरसा’चं ‘मदरसे में’ आणि ‘शाळा’चं ‘शाळेत’ यांतलं साम्य मुलाला आपोआप दिसत नाही. दाखवलं की पटकन कळतं. आम्ही फळ्यावर दोन्ही जोड्या लिहून दाखवतो तेव्हा उर्दू येणारी मुलं ‘अच्छा, तसं होय!’ म्हणतात आणि बाकीची मुलं त्यांच्याकडे कौतुकाने पाहतात. घरी दुसरी भाषा असणं हा दोष नाही. ती वर्गात वापरू दिली तर ती शिकण्याची शिडी होते.

तिसरी जात ऱ्हस्व-दीर्घाची. यात तर शिक्षकांचीही दांडी उडते. मराठी लेखनाचे १४ नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले, १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली. असे हे १८ नियम मोठ्या माणसांनाही तोंडपाठ नसतात. मग सातवीतल्या मुलाच्या प्रत्येक वेलांटीवर लाल गोल करून आपण काय साधतो? पान लालेलाल झालेलं पाहून मूल एवढंच शिकतं की कमी लिहिलं तर कमी चुका होतात, आणि दुसऱ्याचं लिहिलं तर त्याहून कमी.

परीक्षा काय मोजते?

यात एकट्यादुकट्या शिक्षकाचाच दोष आहे असं नाही. मुलाचं लेखन मोजण्याची आपली रीतच अवघडलेली आहे.

राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झालं, त्यातले प्रश्न पर्याय निवडण्याचे होते. शिष्यवृत्ती परीक्षा पर्याय निवडण्याची. गावोगावी होणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत मूल वाचतं का आणि गणित करतं का, हे पाहतात. या सगळ्याचा उपयोग आहेच. पण मुलाला स्वतःच्या मनातलं चार वाक्यांत मांडता येतं का, हे यांतल्या कशातूनही कळत नाही.

आणि दहावीला एकदम डोंगर उभा राहतो. मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत: पत्र किंवा सारांश, बातमी, जाहिरात, कथा, आणि शेवटी प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन. जवळजवळ तिसरा हिस्सा. नऊ वर्षं ज्याने स्वतःचं वाक्य लिहिलेलं नाही, त्याने दहाव्या वर्षी ते कुठून आणावं? मग शिकवणीत नमुने पाठ होतात आणि गाईडचा खप वाढतो.

खरं तर नियमांत वाट आहे. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला. त्यानंतर आपल्या राज्याने २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं. त्यात आकारिक मूल्यमापनासाठी आठ साधनं सांगितली: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. या ‘इतर’मध्ये मुलांनी एकमेकांचं आणि स्वतःचं मूल्यमापन करणंही आहे. पहिली-दुसरीला ७० टक्के भार या रोजच्या पाहण्यावर आणि ३० टक्के सत्राच्या परीक्षेवर. सातवी-आठवीला ४० आणि ६०. म्हणजे मुलाचं लिहिणं वर्षभर, हळूहळू, चुका करत करत पाहण्याची मुभा शिक्षकाला कागदावर आहे. पण कागदं भरण्यातच वेळ जातो आणि ‘लेखनात चांगली प्रगती’ हे वाक्य ३४ वेळा उतरवलं जातं. मुलं गाईड उतरवतात, आम्ही नोंदी उतरवतो. ७ डिसेंबर २०२३ च्या निर्णयाने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली. तिच्या धास्तीने पाठांतर आणखी वाढू नये, ही काळजी आता शाळेबरोबर घरानेही घ्यायला हवी.

आम्ही काय बदललं

त्या मुलाच्या प्रश्नानंतर आम्ही तपासण्याची रीत बदलली. ती काही मोठी पद्धत नाही. कोणत्याही आईबापाला घरी करता येईल इतकी साधी आहे.

पहिलं, वही हातात घेतली की पेन खाली ठेवायचं. एकदा सगळं वाचायचं. मूल काय सांगतंय ते समजून घ्यायचं.

दुसरं, वाचून झालं की मजकुराबद्दल एक वाक्य लिहायचं. शेरा नको, माणूस माणसाला विचारतो तसा प्रश्न: ‘बॅटरी धरून किती वेळ उभा राहतोस?’ ‘सकाळी शाळेत झोप येते का?’ मुलाला कळतं की आपलं लिहिणं कोणीतरी वाचलं. या एका वाक्याने पुढच्या वेळी पाचाच्या दहा ओळी होतात, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

तिसरं, एका वेळी एकाच जातीची चूक धरायची. या पंधरवड्यात फक्त पूर्णविराम. पुढच्या पंधरवड्यात फक्त ‘ण’ आणि ‘ळ’. बाकीच्या चुका दिसल्या तरी सोडून द्यायच्या. हे शिक्षकाला फार जड जातं. हात शिवशिवतो. पण सात चुकांवर गोल केले तर मूल एकही सुधारत नाही, आणि एकीवर केला तर ती सुधारते.

चौथं, तोच मजकूर पुन्हा लिहायला द्यायचा आणि गुण दुसऱ्या लेखनाला द्यायचे. पहिलं लिहिणं हा कच्चा खर्डा. शिंपी कापड आधी कच्चं टाचतो, मग पक्की शिवण घालतो. कच्च्या टाचणीला कोणी नावं ठेवत नाही.

गुणांची वाटणीही आम्ही ठरवून टाकली: सांगण्यासारखं काही आहे का याला ४, ओळीने मांडलं आहे का याला २, शब्द नेमके आहेत का याला २ आणि शुद्धलेखनाला २. ही वाटणी मुलांना आधीच सांगतो. या हिशेबाने त्या पाच ओळी पुन्हा तपासल्या तेव्हा ७ गुण झाले. गाईडच्या निबंधाला ४ सुद्धा देता येईनात.

शुद्धलेखन महत्त्वाचं नाही असं आमचं म्हणणं नाही. अर्ज अशुद्ध असला तर कचेरीत मुलाकडे तुच्छतेने पाहतात, हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे. प्रमाण मराठी हा आपल्या मुलांचा हक्क आहे, तो त्यांना मिळालाच पाहिजे. प्रश्न फक्त क्रमाचा आहे. आधी सांगायचं काय ते मुलाजवळ असावं, मग ते नीटनेटकं कसं करायचं ते शिकवावं. ‘शुद्ध लिहू का खरं?’ या प्रश्नाचं आमचं उत्तर आता असं आहे: आधी खरं लिही, मग आपण दोघं मिळून ते शुद्ध करू.

एक गोष्ट दूरच्या देशातून शिकलो. इटलीत बार्बियाना नावाच्या डोंगरातल्या खेड्यात लोरेन्झो मिलानी या पाद्रीने शाळेतून नापास ठरून बाहेर पडलेली शेतकऱ्यांची मुलं जमवली. तिथल्या आठ मुलांनी मिळून आपल्याला नापास करणाऱ्या शिक्षिकेला उद्देशून एक पुस्तक लिहिलं, ते १९६७ साली निघालं. मराठीत ते ‘प्रिय बाई’ या नावाने आलं आहे. त्यांची लिहिण्याची रीत आमच्या कामाची होती. प्रत्येकाने मनात येईल ते चिठ्ठीवर लिहायचं, एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. मग चिठ्ठ्या पसरायच्या, सारख्या असतील त्या एकत्र करायच्या, ओळीने लावायच्या, नको त्या काढून टाकायच्या.

आम्ही पाड्याच्या टाकीबद्दल असंच केलं. ३४ मुलांच्या चिठ्ठ्या. टाकी कधी बांधली, तिच्यात पाणी कधीपासून नाही, विहीर किती पावलांवर, कोणाची आई पाय घसरून पडली. दोन दिवसांत त्यातून ग्रामपंचायतीला द्यायचा एक पानाचा अर्ज तयार झाला. ‘हिरीव’चं ‘विहिरीवर’ कोणी केलं? त्या मुलानेच. कारण आता ते वाक्य सरपंचांपर्यंत पोहोचवायचं होतं. शुद्ध का लिहायचं, याचं कारण त्याला मिळालं होतं. अर्ज दिला, पोच म्हणून शिक्का मिळाला. टाकी भरली असं आम्ही सांगणार नाही. टँकर आला, पण टँकर दरवर्षीच येतो. मात्र शिक्क्याची ती प्रत त्या मुलाने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरी नेली.

वाचणाऱ्या दादी, अंगठा लावणाऱ्या दादी

आता आपल्या घरांकडे वळू. आपल्या समाजाला लिहिण्याचं महत्त्व बाहेरून कोणी सांगायला नको. पहिली वही उतरली तीच ‘वाच’ या आज्ञेने, आणि पुढच्याच आयतींत अल्लाहने कलमाच्या द्वारे शिकवल्याचा उल्लेख आहे. बद्रच्या लढाईनंतर ज्या कैद्यांकडे मोबदल्याची रक्कम नव्हती पण लिहिता-वाचता येत होतं, त्यांनी मदीनेतल्या दहा मुलांना लिहायला शिकवावं आणि सुटावं, असं प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी ठरवल्याचं सीरतच्या पुस्तकांत आपण वाचतो. हजरत शिफा बिन्त अब्दुल्लाह (रजि.) यांनी हजरत हफ्सा (रजि.) यांना लिहायला शिकवल्याची नोंद हदीसमध्ये आहे. म्हणजे लिहिणारी बाई आणि तिने शिकवलेली बाई, दोघी प्रेषितांच्या घराशी जोडलेल्या.

आणि सूरह बकराची २८२ वी आयत पाहा. कुरआनातली ही सर्वांत लांब आयत. ती आहे देण्याघेण्याचा करार लिहून ठेवण्याबद्दल. व्यवहार लहान असो की मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नये, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, आणि मजकूर सांगायचा तो ज्याच्यावर देणं आहे त्याने, असा तिचा आशय आहे. आम्हाला शिक्षक म्हणून यातली शेवटची गोष्ट फार मोलाची वाटते. लिहिणारा दुसरा असला तरी शब्द ज्याचे त्याचे राहिले पाहिजेत. ही अमानत आहे.

असं असूनही आपल्या कितीतरी घरांत काय चित्र होतं? दादी रोज फजरनंतर कुरआन वाचते. अरबी अक्षर अन् अक्षर तिला ओळखू येतं. काही दाद्या-नान्या उर्दू किताबही वाचतात. पण बँकेत अंगठा. मुलीला वाचू द्यावं, लिहू देऊ नये, न जाणो कोणाला चिठ्ठी लिहील, असं एकेकाळी अनेक घरांत मानलं जाई. या समजाला आपल्याच आलिमांनी छेद दिला. मौलाना अशरफ अली थानवी यांचं ‘बहिश्ती जेवर’ आपल्याकडे मुलीच्या रुखसतीला देत असत. त्या पुस्तकाचा पहिला भाग अक्षरओळखीपासून सुरू होतो आणि त्यात बायकांसाठी पत्रं कशी लिहावीत हेही शिकवलं आहे. पुस्तक जपून ठेवलं, तो भाग मात्र पुष्कळ घरांत नुसताच उलटला गेला.

याच संदर्भात मुरबाड तालुक्यातलं फांगणे गाव आठवतं. तिथे ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या मदतीने ती उभी केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून, पाटी-पेन्सिल घेऊन येऊ लागल्या. शिकवणारी त्यांच्यातल्याच एका आजींची सून. शाळा भरायची दुपारी, घरातली कामं आवरल्यावर. या आज्यांना नोकरी नको होती, प्रमाणपत्र नको होतं. धार्मिक पोथी आपली आपण वाचावी आणि अंगठ्याच्या जागी आपलं नाव लिहावं, एवढीच ओढ होती. त्या पहिल्यांदा सही करतात तेव्हा वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ हे कोणी विचारत नाही. ते नाव त्यांचं असतं, हे पुरतं.

मग आपल्या नातवाच्या वहीला तेवढी सवलत का नको? आणि आपल्या दादीला तेवढी पाटी का नको? नातवंडं दादीकडून सूरह पाठ करतात. त्यांनीच दादीला तिची सही शिकवली तर ते लेखनही होईल आणि खिदमतही.

घरी काय करावं?

पहिली विनंती: मुलाला गाईडचा निबंध पाठ करायला लावू नका. आमच्याकडे एका मुलीने ‘माझा आवडता सण’ या निबंधात दिवाळी लिहिली होती. उटणं, अभ्यंगस्नान, किल्ला, फराळ. वर्गातल्या मैत्रिणींच्या घरी ती फराळाला जाते, त्यामुळे दिवाळीची तिला माहिती होती आणि प्रेमही. तरी आम्ही विचारलं, ‘तुझ्या घरचा सण कोणता?’ ती म्हणाली, ‘ईद. पण ती निबंधात चालते का?’ कोणी तिला ‘चालत नाही’ म्हटलं नव्हतं. गाईडमध्ये ईद नव्हती, म्हणून तिने ते गृहीत धरलं होतं. मग तिने लिहिलं: चाँदरातीला अम्मी रात्रभर शिवण मशीनवर बसते, कारण गावातल्या सगळ्यांचे कपडे शिवून झाल्यावर आमचे शिवायचे असतात. सकाळी माझ्या नव्या फ्रॉकला काजं नसतात, अम्मी टाचणी लावते. हे वाक्य कोणत्याही गाईडमध्ये मिळणार नाही. निबंधात ‘अम्मी’ची ‘आई’ करायचीही गरज नाही. शीरखुर्मा, सेहरी, इफ्तार, दस्तरखान हे शब्द मराठीतच लिहिलेले आहेत आणि मराठी वाचणाऱ्यांना कळतात.

दुसरी: घरातलं खरं लिखाण मुलांकडे सोपवा. किराण्याची यादी, दुधाचा हिशेब, उसनवारीची नोंद, गावाला राहणाऱ्या फुफीला पत्र, लाइट बिलाच्या तक्रारीचा अर्ज. व्हॉट्सॲपवर आवाज पाठवण्याऐवजी आठवड्यातून एकदा लिहून पाठवायला सांगा. मराठीत लिहो, उर्दूत लिहो. एका भाषेत विचार मांडायची सवय लागली की ती दुसऱ्या भाषेतही उतरते. मकतबमधला इमला आणि खुशखती यांचाही मराठी हस्ताक्षराला फायदाच होतो.

तिसरी: शाळेचा प्रकल्प मुलाच्या वतीने लिहू नका. तुमचं सुंदर अक्षर पाहून आम्हाला मुलाबद्दल काहीच कळत नाही.

चौथी: पालकसभेत ‘किती गुण पडले’ याबरोबर ‘माझ्या मुलाने या महिन्यात स्वतःचं काय लिहिलं, ते दाखवा’ असंही विचारा. पालक विचारतील तर शिक्षकही दाखवण्यासारखं काही करून घेतील. आम्हालाही धाक लागतो.

शेवटी एका निबंधाची आठवण करून देतो. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये तो दोन भागांत छापून आला. आज त्याला मराठीतल्या दलित स्त्रीच्या लेखनाची सुरुवात मानतात. शाळेत जाऊन जेमतेम काही वर्षं झालेल्या मुलीचं ते लेखन होतं. तिच्या शिक्षकांनी ते वाचताना आधी काय पाहिलं असेल? ती काय सांगते आहे तेच पाहिलं असणार. नाही तर तो निबंध वहीतच राहिला असता.

अशी एखादी मुक्ता, एखादा बॅटरी धरणारा मुलगा, काजं नसलेल्या फ्रॉकची एखादी मुलगी आपल्याही घरात असेल. आज संध्याकाळी तिची वही मागा. पेन दूर ठेवा आणि नुसती वाचा. वाचून झाल्यावर तिला एक प्रश्न विचारा, चुकीबद्दल नाही, तिने जे लिहिलं त्याबद्दल. पुढचं पान ती स्वतः लिहील, इन्शाअल्लाह.